कानाची सनद

घराघरांतील जुन्या ट्रंका उपसताना खरेदीखते, पत्रिका आणि पिवळ्या पडलेल्या पावत्या यांच्या तळाशी कधीकधी एक छोटेखानी पुस्तिका हाती लागते. टपाल कचेरीने दिलेली, दरसाल शुल्क भरून नूतन करून घेतलेली, शिक्क्यांनी काळवंडलेली. ती असते घरात रेडिओ बाळगण्याच्या परवान्याची. ऐकण्यासाठी परवाना! आजच्या तरुणास हे शब्द विनोदी वाटतील. परंतु आपल्या आजोबांनी तो विनोद वर्षानुवर्षे रोख पैसे मोजून निभावला आहे.

या परवान्याचे मूळ १८८५ च्या तारायंत्र कायद्यात आणि विशेषतः १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यात आहे. या दुसऱ्या कायद्याचे तिसरे कलम मोठे निःसंदिग्ध होते. परवान्यावाचून कोणीही बिनतारी यंत्र जवळ बाळगू नये, एवढेच ते सांगे. ते यंत्र बोलणारे आहे की नुसते ऐकणारे, असा भेद ते कलम करीत नसे. शिवाय ‘यंत्र’ या शब्दाची व्याख्या इतकी ऐसपैस होती की बिनतारी संदेशासाठी वापरलेले उपकरणच नव्हे, तर तसे वापरता येण्याजोगे कोणतेही साहित्य तिच्या पोटात जाई. ‘वापरता येण्याजोगे’ हा शब्दप्रयोग वाचकांनी ध्यानी ठेवावा. त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यास घरगुती रेडिओ व दूरचित्रवाणी संचांचा परवाना रद्द झाला, आणि सामान्य माणसाचा कान निदान त्या दोन पेट्यांपुरता मोकळा झाला.

राज्यकर्त्यांस कानाची एवढी धास्ती का वाटावी? १९४२ साली ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत ‘काँग्रेस रेडिओ’ चालवीत होते. ४२.३४ मीटर लांबीच्या लहरीवर तो ऐकू येई. अखेर पोलिसांनी तो पकडला, खटला उभा राहिला, उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. गोव्याची कथा तर आपल्या घरचीच. १९५५ च्या नोव्हेंबरापासून १९६१ च्या डिसेंबरापर्यंत लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सह्याद्रीच्या रानात, सरहद्दीलगत राहून पोर्तुगीज आणि कोंकणी भाषांतून मुक्तीचा आवाज प्रक्षेपित केला. ही दोन्ही उदाहरणे बोलणाऱ्यांची आहेत हे खरे. पण बोलणाऱ्याचे बळ शेवटी कोणाच्या तरी अंधाऱ्या माजघरात, आवाज अगदी बारीक करून, कान देऊन ऐकणाऱ्या अनाम माणसावर अवलंबून असते. त्या माणसाचे नाव इतिहासात येत नाही. त्याच्या हातातील यंत्राचा इतिहास मात्र सांगता येतो, आणि त्या इतिहासातले एक अलीकडचे, काहीसे अद्भुत प्रकरण आजच्या लेखाचा विषय आहे.

हे प्रकरण बोटभर लांबीच्या एका वस्तूपासून सुरू होते. संगणकाच्या यूएसबी खाचेत बसणारी ती एक कांडी. एका टोकास धातूची खाच, दुसऱ्या टोकास अँटेनाची तार जोडण्याचे छिद्र. युरोपात आणि इतरत्र ज्या देशांनी डीव्हीबी-टी नावाची अंकीय दूरचित्रवाणीची पद्धत पत्करली, तेथे संगणकाच्या पडद्यावर दूरचित्रवाणी पाहता यावी म्हणून अशा कांड्या पंधरा-वीस डॉलरांस विकल्या जात. तिच्या पोटात दोन प्रमुख चकत्या असतात. पहिली आकाशातील हव्या त्या लहरीची निवड करते. दुसरी, तैवानच्या रिअलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू, त्या लहरीचे अंकांत रूपांतर करून चित्राचा उलगडा करते. आपल्या देशात दूरदर्शनने अंकीय प्रक्षेपणासाठी डीव्हीबी-टी२ ही पुढची पद्धत स्वीकारली. त्यामुळे ज्या कामासाठी ही कांडी जन्मास आली त्या कामाला ती येथे निरुपयोगीच. तरीही ती येथे विकत घेतली जाते आणि ज्यांस तिचे मर्म कळले आहे ते तिला जपतात. हे कसे घडले?

या कांडीच्या विक्रेत्यांनी दूरचित्रवाणीच्या जोडीला एफएम रेडिओ ऐकण्याची सोयही देऊ केली होती. चित्राचा उलगडा करणारी यंत्रणा चकतीत कोरलेली होती. परंतु रेडिओसाठी निराळी यंत्रणा कोरण्याचा खर्च उत्पादकाने वाचवला. त्याऐवजी रेडिओच्या वेळी चकतीने स्वतः काहीही न उलगडता, आलेले कच्चे अंक जसेच्या तसे संगणकाकडे सोडून द्यावेत आणि उलगडा संगणकातील आज्ञावलीने करावा, अशी व्यवस्था केली. ही काटकसर होती. तीतून आपण कोणास काय देऊन बसलो याची उत्पादकाला कल्पना असण्याचे कारण नव्हते. २०१० साली एरिक फ्राय यांनी कांडी आणि संगणक यांच्यामधील संभाषण टिपून त्याचा अभ्यास केला होता. २०१२ च्या फेब्रुवारीत फिनलंडचे अँटी पालोसारी हे लिनक्ससाठी या चकतीचा चालक लिहीत असताना त्यांच्या ध्यानात आले की ही रेडिओची वाट केवळ एफएमच्या पट्ट्यापुरती नाही. निवड करणारी चकती जेथे जेथे पोचते तेथील कोणत्याही लहरीचे कच्चे अंक या वाटेने बाहेर काढता येतात. त्यांनी ही गोष्ट इतर लेखकांस कळविली. ऑस्मोकॉम या नावाने बिनतारी संदेशवहनाच्या मुक्त आज्ञावली लिहिणारी एक मंडळी तेव्हा काम करीत होती. तिच्यातील स्टीव्ह मार्कग्राफ आणि इतर यांनी लवकरच ‘आरटीएल-एसडीआर’ या नावाची आज्ञावली लिहून सर्वांस खुली केली.

न्यायालयात उलटतपासणीची सवय असलेल्या माणसास या घटनेत एक ओळखीची गंमत दिसते. साक्षीदार विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, परंतु जाता जाता एखादे वाक्य अधिक बोलून जातो. ते वाक्य साऱ्या न्यायालयाने ऐकलेले असते. त्याचे मोल ओळखून पुढचा प्रश्न विचारणारा एखादाच असतो.

अर्थात रेडिओ म्हणजे लाकडी पेटी नव्हे, ती एक गणितक्रिया आहे, हा विचार या कांडीहून जुना. जोसेफ मिटोला या अमेरिकन अभियंत्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ ही संज्ञा रूढ केली. २००१ साली एरिक ब्लॉसम यांनी जॉन गिल्मोर यांच्या अर्थसाहाय्याने ‘ग्नू रेडिओ’ हा मुक्त संच आरंभिला, आणि पुढे मॅट एटस यांनी त्याला साजेशी यंत्रे तयार केली. परंतु त्या यंत्रांची किंमत शेकडो डॉलरांच्या घरात होती. विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि काही हौशी श्रीमंत यांच्यापलीकडे ती गेली नाहीत. विचार होता, आज्ञावली होती, दक्षिणा मात्र परवडण्याजोगी नव्हती. २०१२ ने बदलली ती एवढीच गोष्ट.

आणखी मागे गेले तर एडविन आर्मस्ट्राँग भेटतात. पहिल्या महायुद्धात पॅरिसमध्ये असताना, १९१८ साली, त्यांनी ‘सुपरहेटरोडाइन’ नावाची युक्ती शोधली. आलेल्या उंच लहरीत यंत्रातच निर्माण केलेली दुसरी लहर मिसळून तिला सोयीच्या खालच्या पायरीवर उतरवून घ्यावयाचे, ही ती युक्ती. आजच्या कांडीतील निवड करणारी चकती तेच करते. एफएम ही पद्धतही त्यांचीच. तिची पेटंटे १९३३ च्या डिसेंबरात मिळाली. पण या माणसाच्या आयुष्याची राख न्यायालयांत झाली, हे वकिलाने तरी विसरू नये. एका शोधाचे श्रेय १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ली डी फॉरेस्ट यांस दिले. अभियंत्यांच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा होता आणि आजही मानला जातो. एफएमच्या हक्कांसाठी बलाढ्य कंपन्यांशी लढता लढता थकलेल्या आर्मस्ट्राँग यांनी १९५४ च्या जानेवारीअखेर आत्महत्या केली. त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी उरलेले दावे नेटाने चालवले, आणि शेवटचा विजय १९६७ साली पदरात पडला. ज्याच्यासाठी तो होता तो तेरा वर्षांपूर्वीच गेला होता.

आता कांडीच्या पोटात काय चालते ते थोडक्यात पाहू. पहिल्या काही कांड्यांत एलोनिक्स या कंपनीची ई४००० ही निवड-चकती होती. ती कंपनी बंद पडली, चकत्या दुर्मिळ झाल्या, आणि तिची जागा राफाएल मायक्रोच्या आर८२०टी या चकतीने घेतली. ही सुमारे २४ पासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंतचा पल्ला आटोक्यात आणते. म्हणजे एफएम केंद्रे, विमानांचे संभाषण, जहाजांचे संकेत, हवामानाचे उपग्रह हे सारे तिच्या कक्षेत. काँग्रेस रेडिओची ४२.३४ मीटरची, सुमारे सात मेगाहर्ट्झची लहर मात्र तिच्या पायरीखाली राहते, आणि ती ऐकावयाची तर वेगळी जोडणी करावी लागते. निवडलेली लहर खाली उतरवून घेतल्यावर दुसरी चकती तिची मोजमापे घेते आणि संगणकाकडे दर सेकंदास वीस-चोवीस लक्ष नमुने पाठवते. प्रत्येक नमुना म्हणजे अंकांची जोडी. एकच अंक पाठवला असता तर लहर किती उंच आहे एवढेच कळले असते. जोडी पाठवली म्हणजे वर्तुळावर फिरणाऱ्या बिंदूचे स्थान कळते, उंची आणि कोन दोन्ही. एफएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत नसून तिच्या फिरण्याच्या वेगात दडवलेला असतो. म्हणून एका नमुन्यापासून दुसऱ्या नमुन्यापर्यंत कोन किती बदलला हे मोजत गेले की तो बदल हाच आवाज. केवढे सरळ! ज्या क्रियेसाठी पूर्वी तारा, गुंडाळ्या आणि नळ्या यांचे नाजूक संतुलन साधावे लागे ती आता वजाबाकी झाली.

कांडी स्वस्त आहे, आणि तिचा स्वस्तपणा लपत नाही. प्रत्येक अंक आठ बिटांचा, म्हणजे उंचीच्या २५६ पायऱ्याच. जवळचे एखादे प्रबळ केंद्र गर्जू लागले की दूरचा क्षीण आवाज त्या पायऱ्यांच्या फटीत हरवतो. तिचे घड्याळही थोडे चुकते. दहा लक्षांत पन्नासाची चूक ऐकावयास क्षुल्लक, परंतु १०० मेगाहर्ट्झवर ती पाच हजार हर्ट्झ होते. म्हणून चूक मोजून ती आज्ञेत सांगण्याची सोय ठेवलेली आहे. गरम झाल्यावर चूक बदलते, हेही जाणकार लक्षात ठेवतात.

लिनक्सवर ही कांडी प्रथमच लावणारास एक अडथळा बहुधा येतो, आणि तो आमच्या धंद्यातील माणसास विशेष समजतो. लिनक्सच्या गाभ्यात दूरचित्रवाणीसाठी लिहिलेला एक चालक आधीपासून असतो. कांडी खाचेत बसताच तो तिचा कब्जा घेतो. मग रेडिओची आज्ञावली आली की तिला उत्तर मिळते, वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात आहे. मालक आपण, पैसे आपण दिलेले. पण कब्जा आधी आलेल्याचा! अशा वेळी त्या चालकाचे नाव वर्ज्य-यादीत घालून त्याला बेदखल करावे लागते. या दाव्याचा निकाल मात्र एका ओळीत लागतो आणि अपील नसते.

आता आज्ञेच्या ओळीकडे येऊ. सजवलेल्या खिडक्या आणि बटणे असलेल्या आज्ञावली पुष्कळ आहेत. परंतु या कांडीचे खरे वैभव काळ्या पडद्यावर टंकलेल्या एका ओळीत आहे, असे माझे मत आहे. ऑस्मोकॉमच्या संचात काइल कीन यांनी लिहिलेली ‘आरटीएल_एफएम’ नावाची एक लहान आज्ञावली आहे. तिला वारंवारता सांगावी, लहरीचा प्रकार सांगावा. ती कच्चे नमुने घेऊन, कोनांची वजाबाकी करून, आवाजाचे अंक बाहेर सोडते. ती स्वतः आवाज काढीत नाही. ध्वनिवर्धक कोठे आहे हे तिला ठाऊकही नसते. आवाज काढण्याचे काम दुसरीचे, आणि या दोघींना जोडणारे चिन्ह म्हणजे एक उभी रेघ.

या उभ्या रेघेचा इतिहास रम्य आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एका टिपणात असे सुचवले की बागेस पाणी घालण्याच्या नळीचे तुकडे जसे एकास एक जोडता येतात तशा आज्ञावलीही जोडता याव्यात. सूचना नऊ वर्षे पडून राहिली. १९७३ साली केन टॉम्पसन यांनी युनिक्स प्रणालीत ती अमलात आणली. आपल्या वाचकांस बागेच्या नळीपेक्षा कुळागरातला पाट अधिक जवळचा. झऱ्याचे पाणी पाटाने येते, एका माडाच्या आळ्यात भरते, तेथून पोफळीच्या, तेथून केळीच्या; प्रत्येक आळे आपले काम करते आणि उरलेले पुढे सोडते. माडाला केळीची जात ठाऊक असावी लागत नाही. नेमके हेच. पोथीत अशी उभी रेघ आली की वाक्य संपते. येथे तीच रेघ आली की वाक्य पुढे चालू लागते.

रेघेच्या पलीकडे बहुधा ‘सॉक्स’ बसतो. लान्स नॉर्स्कॉग यांनी १९९१ साली ही ध्वनीची आज्ञावली प्रसिद्ध केली, आणि पुढे क्रिस बॅगवेल यांनी तिचा दीर्घकाळ सांभाळ केला. एका प्रकारच्या ध्वनिलेखाचे दुसऱ्यात रूपांतर, गतीतला बदल, गाळणी, प्रतिध्वनी, कापणे, जोडणे, सारे काही ती करते. आणि ‘प्ले’ या नावाने हाक मारली तर ध्वनी ऐकवते. तिची १४.४.२ ही आवृत्ती २०१५ साली निघाली, तीच अजून असंख्य संगणकांवर चालते. परंतु येथे एक बारकावा आहे. आरटीएल_एफएम जे अंक सोडते त्यांना मथळा नसतो. नुसते सोळा बिटांचे धन-ऋण अंक, एकामागून एक. न्यायालयात मुद्देमाल दाखल व्हावा आणि त्यावर चिठ्ठीच नसावी, तसे. कोणत्या गुन्ह्यातला, कोठे जप्त झालेला, काहीच नाही. म्हणून सॉक्सला सारे तोंडी सांगावे लागते. अंक कच्चे आहेत, धन-ऋण आहेत, सोळा बिटांचे आहेत, ध्वनी एकपदरी आहे, आणि एका सेकंदास बत्तीस हजार अंक येतात. आरटीएल_एफएमला एफएम केंद्रासाठी रुंद प्रकार सांगितला म्हणजे ती हाच दर धरते. हा आकडा चुकवून चोवीस हजार सांगितला तर निवेदिकेचा आवाज खाली उतरून जड व सुस्त होतो आणि बातम्या मागे मागे पडत जातात. अठ्ठेचाळीस हजार सांगितला तर चिरचिरा व घाईचा, आणि मधूनमधून अंक संपून तुटका. अंक खोटे नसतात. त्यांच्याविषयीचे निवेदन खोटे असते. नोंदीचे महत्त्व इतक्या थोडक्यात मला तरी कोणत्या निकालपत्राने शिकवलेले नाही.

या सगळ्याकडे कायद्याच्या दृष्टीने पाहिले की एक चमत्कारिक चित्र दिसते. आपल्या १९५७ च्या लेखाधिकार कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीस साहित्यकृतीत गणले गेले. म्हणजे कादंबरी, कीर्तनाचे आख्यान आणि आरटीएल_एफएम या तिघी कायद्याच्या पंक्तीस एकाच पाटावर! रेडिओचे सारे मर्म आता आज्ञावलीत आहे; तेव्हा आजचा रेडिओ हा बहुतांशी एक ग्रंथ आहे, असे म्हटल्यास चूक होणार नाही. आणि हा ग्रंथ कोणत्या शर्तीवर मिळतो? रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ साली सार्वजनिक परवान्याची पहिली आवृत्ती काढली. दुसरी १९९१ ची. आरटीएल-एसडीआर याच परवान्याखाली आहे. तो म्हणतो, वापरा, नकला करा, वाचा, बदला. मात्र दुसऱ्यास द्याल तेव्हा मूळ लेखनासह, याच शर्तींवर द्या. लेखाधिकार हा इतरांस वर्ज्य करण्याचा हक्क. स्टॉलमन यांनी त्याच हक्काच्या जोरावर वर्ज्य करण्यालाच वर्ज्य केले. कुलपाने दार कायमचे उघडे अडकवून ठेवावे, तसा हा प्रकार. काही कायदेपंडित याला हौशी लोकांचा खेळ समजत. परंतु जर्मनीत आणि अमेरिकेत न्यायालयांनी अशा मुक्त परवान्यांच्या शर्ती बंधनकारक मानल्या आहेत.

परवान्याचा शब्द पाहा. टपाल कचेरीतल्या पुस्तिकेवरही ‘परवाना’ आणि येथेही ‘परवाना’. पहिला ऐकणारास बांधतो, दुसरा बांधणारास बांधतो.

पण एवढ्यावर हुरळून जाणे वकिलास शोभणार नाही, कारण उघड्या कानाची दुसरी बाजू आहे. विमाने १०९० मेगाहर्ट्झवर आपला ठावठिकाणा स्वतः सांगत असतात, जहाजे १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास. तो संदेश सर्वांसाठीच असतो, तो ऐकण्यात कोणाचे काही जात नाही. पेजरचे मात्र तसे नाही. काही देशांत रुग्णालयांतून पेजर अजून वापरात आहेत, आणि त्यांचे संदेश पुष्कळदा कोणत्याही गुप्तलिपीवाचून, उघड्या अक्षरांत हवेत सोडले जातात. आरटीएल_एफएमच्या रेघेपलीकडे सॉक्सऐवजी ‘मल्टिमॉन-एनजी’ ही आज्ञावली बसवली की ते संदेश पडद्यावर उमटू लागतात. खाटेचा क्रमांक, रोगाचे नाव, कधी माणसाचेही. ज्याने ते ऐकले त्याने कुलूप तोडले नाही, भिंत ओलांडली नाही. तरीही त्याने जे ऐकले ते त्याच्यासाठी नव्हते. आमच्या कायद्याने ही गोष्ट पूर्वीपासून ओळखली आहे. १८८५ च्या कायद्यात तारेतील मजकूर बेकायदा जाणून घेण्याचा प्रयत्न हाच गुन्हा होता, आणि आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतही अनधिकृत श्रवण व त्याचा प्रसार रोखण्याचे कर्तव्य राष्ट्रांवर टाकलेले आहे. आपल्या परंपरेत श्रवणाला भक्तीच्या नऊ प्रकारांत पहिले स्थान आहे, आणि त्याच परंपरेत दाराआड कान लावणारास चहाड म्हणतात. दोहोंत फरक कानाचा नसतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय येथे समोरासमोर ठेवण्याजोगे आहेत. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात न्यायमूर्ती सावंत, मोहन आणि जीवन रेड्डी यांच्या पीठाने सांगितले की आकाशलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, आणि माहिती मिळवण्याचा हक्क हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. लहर सर्वांची, पण लहरीवरचा मजकूर प्रत्येकाचा आपापला, असा या दोहोंचा मेळ माझ्या मते बसतो. कायदे करणारांनी तो वस्तूच्या व्याख्येतून बसवू पाहिला आहे, आणि तेथेच अडचण आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने, जो टप्प्याटप्प्याने अमलात आणला जात आहे, १८८५ आणि १९३३ या दोन्ही कायद्यांची जागा घेण्याचे ठरवले. आणि त्याच्याही तिसऱ्या कलमात रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी प्राधिकृतता लागते, सूट देण्याचा अधिकार सरकारकडे आहे. नव्वद वर्षे गेली, तिसरे कलम तिसरेच राहिले! पण उपकरण कोणते? ही कांडी दुकानातून येते तेव्हा दूरचित्रवाणीची पेटी असते. एक ओळ टंकली की रेडिओ होते. दुसरी टंकली की पेजरचा कान. धातूत एका केसाचाही फरक पडलेला नसतो. ‘वापरता येण्याजोगे’ हे शब्द १९३३ साली लाकडी पेट्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले होते. ज्या काळात वस्तूचा उपयोग एका ग्रंथाच्या ओळीने पालटतो, त्या काळात गुन्हा वस्तूत शोधावयाचा नसून कृतीत शोधला पाहिजे. बाळगण्याला नव्हे, दुसऱ्याचे खाजगी ऐकण्याला आणि ते पसरवण्याला शिक्षा असावी. हे मत पुष्कळांस पटणार नाही हे मी जाणतो; गुप्त श्रवण सिद्ध करणे कठीण, कांडी जप्त करणे सोपे.

या कांडीचा सर्वांत निर्मळ उपयोग कोणता, असे विचारले तर मी हवामानाच्या उपग्रहांचे नाव घेईन. १९६३ च्या डिसेंबरात अमेरिकेने टायरॉस-८ हा उपग्रह सोडला, आणि त्याच्यासोबत स्वयंचलित चित्रप्रेषणाची पद्धत आली. खाली जो कोणी असेल, कोणत्याही देशाचा, त्याने साध्या यंत्राने चित्र उतरवून घ्यावे, ना अर्ज, ना शुल्क. पुढच्या काळात हे व्रत नोआ मालिकेच्या उपग्रहांनी चालवले. त्यातले शेवटचे तीन म्हणजे १९९८ चा नोआ-१५, २००५ चा नोआ-१८ आणि २००९ चा नोआ-१९. सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवरून, ध्रुवांवरून फिरत ते दिवसातून काही वेळा प्रत्येक गावावरून जात. एका फेरीत दहा-पंधरा मिनिटे ऐकू येत. आज्ञेची ओळ तीच. आरटीएल_एफएमला १३७ मेगाहर्ट्झच्या आसपासची वारंवारता, रेघ, आणि सॉक्सला आज्ञा, की हे कच्चे अंक सेकंदास ११०२५ या दराने ध्वनिलेखात साठव. ध्वनिवर्धकातून एक लयबद्ध टिकटिक ऐकू येई, सेकंदास दोन ओळी. घड्याळाचा आवाज आणि रातकिड्याचा आवाज यांच्या मधला. त्या ओळी एकीखाली एक मांडल्या की ढग दिसू लागत, मग किनारा, आणि पावसाळ्यात अरबी समुद्रावरून चढत येणारी पांढरी फळी. तारेचे दोन तुकडे, स्वस्त कांडी, आणि कोणा परक्यांनी फुकट लिहून ठेवलेल्या दोन आज्ञावली यांच्या आधारे एखादा विद्यार्थी आपल्या गच्चीवरून आपलाच मोसमी पाऊस वरून पाहू शके.

२०२५ साली हे थांबले. नोआ-१८ जूनमध्ये निवृत्त झाला. नोआ-१९ १३ ऑगस्टला आणि नोआ-१५ १९ ऑगस्टला. आता १३७.६२ मेगाहर्ट्झवर तीच ओळ टंकली तर नुसती खरखर येते. रशियाचे मेटिऑर-एम उपग्रह त्याच पट्ट्यात चित्रे पाठवतात, परंतु ती अंकीय पद्धतीने. त्यांच्यापुढे कोनांच्या वजाबाकीची ही साधी ओळ पुरत नाही. रेघेच्या पलीकडे निराळीच आज्ञावली बसवावी लागते. ती लिहिणारेही आहेत, आणि तिचेही मूळ लेखन उघडे आहे.